काई दिसलं नाई, पन मजा आली

आमच्या सकाळी फिरणाऱ्यांच्या मंडळानं यंदा एक नवीनच टूम काढली. दर रविवारी एका सभासदानं दहा मिनिटं बोलायचं. विषय : माझं आवडतं पर्यटनस्थळ. चहा भाषणानंतर. चहा आधी दिला तर भाषणाला फक्त वक्ता उरतो, हे आमच्या अध्यक्षांना अनुभवानं ठाऊक आहे.

पहिल्या रविवारी स्वित्झर्लंडवाले साहेब बोलले. त्यांना जावयानं नेलं होतं. बर्फ, गाई, चॉकलेट आणि मिनिटाला मिनिट धरून सुटणाऱ्या गाड्या. दुसऱ्या रविवारी दुबईवाले. बुर्ज खलिफाची उंची ८२८ मीटर, हे त्यांनी चार वेळा सांगितलं आणि दर वेळी अशा थाटात सांगितलं, की वरचा मजला त्यांनीच चढवला असावा. तिसऱ्या रविवारी काश्मीर झालं. चौथा रविवार माझा.

मी अमरावतीच्या राजापेठचा. वय एकसष्ट. परदेश पाहिला नाही. मुक्तागिरीची बावन्न मंदिरं बघायला गेलो होतो, तेव्हा ती बैतूल जिल्ह्यात आहेत असं तिथं कळलं. मध्य प्रदेशात तेवढंच पाऊल पडलं, तेही नकळत.

घरी विचारलं. बायको म्हणाली, "महाबळेश्वर सांगा, सगळ्यांना माहीत असतं." पुण्याहून मुलगा म्हणाला, "बाबा, एखादं ऑफबीट सांगा." त्र्याऐंशी वर्षांची माय कोपऱ्यात लसूण सोलत होती. ती म्हणाली, "त्या फाटकाचं सांग. आपन सगळ्यात जास्त तिथंच तं रायलो."

मी हसलो. रात्री कूलरसमोर पडल्या पडल्या हिशेब केला आणि हसू मावळलं. म्हातारी बरोबर बोलली होती.

अमरावतीचं रेल्वे स्टेशन म्हणजे गल्लीतलं शेवटचं घर. मुंबई-हावडा मार्ग गेला बडनेऱ्यावरून, आणि तिथून आमच्या गावाला एक फाटा दिला, तो राजापेठवरून आत येतो. आता तिथं वरून उड्डाणपूल आहे, खालून अंडरपास आहे. तेव्हा फाटक होतं. आमचं घर रुळाच्या या बाजूला आणि एसटी स्टँडासकट उरलेलं जग त्या बाजूला. काशीला जायचं असो की काटोलला, आमचा पहिला मुक्काम फाटकावर.

दोन सायकलरिक्षा. एकीत बाबूजी, होल्डॉल आणि फिरकीचा तांब्या. दुसरीत माय, आम्ही तीन पोट्टे आणि पुऱ्यांचा पितळी डबा. रिक्षा फाटकाजवळ आल्या की फाटक पडायचं. ते आमची वाट बघूनच पडतं, अशी माझी लहानपणी खात्री होती. फाटक पडलं की मायला आठवणी यायला लागायच्या. दुधाचं पातेलं झाकलं का? मागच्या दाराला कडी घातली का? बाबूजी म्हणायचे, "घातली." माय म्हणायची, "मी नाई घातली." "मग मी घातली असंल." "असंल म्हंजे?" या 'असंल' वर धाकट्या भावाला घरी पिटाळायचं. तो धावत जायचा. तेवढ्यात गाडी जायची, फाटक उघडायचं, मागचे लोक घंट्या वाजवायला लागायचे. भावाचा पत्ता नाही. बाबूजी "चाला!", माय "पोट्टा आला नाई!" पोट्टा यायचा, आणि बातमी आणायचा, की कडी लावलेलीच होती. तोवर फाटक पुन्हा पडलेलं.

बोरं, फुटाणे विकणारी एक म्हातारी तिथं बसायची. ती आमच्या सगळ्या सहलींची साक्षीदार. "कुठी चाल्ले बाप्पा यंदा?" असं विचारायची आणि परत आलो की, "आले का?" दुसऱ्या फाटकबंदीपर्यंत पुऱ्यांचा डबा उघडलेला असायचा. पन्नास मैलांसाठी केलेल्या पुऱ्या दोन फर्लांगात संपवायचा पराक्रम आमच्या घराण्यानं अनेकदा केला आहे.

बाबूजींची समजूत घालायची पद्धत ठरलेली. म्हणायचे, "अबे, रुक्मिणीचं पाय. कौंडिण्यपुराहून अंबादेवीच्या दर्शनाले आली आन् तशीच कृष्णाच्या रथात बसून द्वारकेले गेली. ना होल्डॉल, ना तांब्या, ना कडी. म्हून पोचली." माय म्हणायची, "तिच्यासंग पोट्टे नव्हते." वऱ्हाडातून विनारिझर्व्हेशन बाहेर पडलेली ती पहिली प्रवासी, असं आम्ही समजतो. तिच्या माहेरची, कौंडिण्यपुराची पालखी मात्र आजही दर आषाढीला पायी पंढरपूरला जाते. पायी जाण्यात एक सोय आहे, फाटक पडलं तरी कुणाची गाडी चुकत नाही.

तर चिखलदरा. साल १९७५, महिना जुलै. बाबूजींच्या ऑफिसातल्या कोणीतरी सांगितलं, की पावसाळ्यात चिखलदऱ्यासारखी शोभा नाही. शेजाऱ्यांकडून आगफा क्लिक थ्री कॅमेरा मागून आणला. बारा फोटोंचा रोल. कोणता फोटो कुठं काढायचा, याची यादी बाबूजींनी आदल्या रात्री ऑफिसच्या कागदावर केली.

परतवाड्यापर्यंत सगळं छान होतं. पुढं घाट लागला आणि मी, बहीण, भाऊ या क्रमानं आम्ही मेळघाटाला आमचं दर्शन दिलं. कंडक्टरनं न बोलता खिशातून लिंबू काढून दिलं. ते त्याच कामासाठी खिशात असावं. वर पोचलो. बाबूजी उतरले, छाती भरून श्वास घेतला आणि म्हणाले, "पाहा!"

आम्ही पाहिलं. पांढरं होतं. पुढं पांढरं, मागं पांढरं, बाबूजींचा हात कोपरापुढं पांढरा. धुक्यात आम्ही एकमेकांच्या सदऱ्याला धरून हरिकेन पॉइंटला गेलो, देवी पॉइंटला गेलो, भीमकुंडाला गेलो. प्रत्येक ठिकाणी बाबूजी उभे राहायचे आणि न दिसणाऱ्या गोष्टीकडे बोट करून सांगायचे. इथं भीमानं कीचकाला मारून दरीत फेकलं. म्हणून कीचकदरा, त्याचं झालं चिखलदरा. तिकडं कॉफीची झाडं हायेत. आपण समुद्रापासून साडेतीन हजार फुटांच्या वर हाओत. भावानं विचारलं, "समुद्र कोन्या बाजूले हाय?" बाबूजींनी त्याही बाजूला बोट केलं. पांढऱ्यात काय, कुठंही चालतं.

गाविलगड किल्ला दुरून दाखवला, म्हणजे दिशा दाखवली. आर्थर वेलस्लीनं तो १५ डिसेंबर १८०३ ला घेतला. हाच वेलस्ली पुढं ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ मध्ये वॉटर्लूला त्यानं नेपोलियनला हरवलं. बाबूजींचं म्हणणं, "नेपोलियनले पाडायची तालीम आपल्या अमरावती जिल्ह्यात झाली." डिसेंबरात आला म्हणून त्याला किल्ला दिसला तरी. जुलैत आला असता तर आमच्यासारखाच रबडी खाऊन परत गेला असता.

मग पंचबोल. इथं आवाज दिला की तो पाच वेळा परत येतो. धुक्यात कठड्याचा अंदाज घेऊन आम्ही ओळीनं उभे राहिलो. बाबूजींनी तोंडाशी हात धरून जोरात "हो ऽ ऽ" केलं. पहिला आवाज आला, हो. दुसरा आला, हो. तिसरा बारीक आला. आम्ही कान टवकारले. चौथा आला, तो असा :

"कोन हाय बे तिकडं?"

आम्ही गार पडलो. भाऊ हळूच म्हणाला, "बाबूजी, दरी वऱ्हाडीत बोलते?"

दरी नव्हती ती. धुक्याच्या पलीकडे वीस पावलांवर अकोल्याचं एक कुटुंब उभं होतं. तेही सकाळपासून पांढरंच बघत होते. त्यांचा होल्डॉल, आमचा तांब्या, त्यांच्या दशम्या, आमची जवसाची चटणी, असं सगळं तिथल्या तिथं एक झालं. कुठचे? मूळचे मूर्तिजापूरकडचे. तुमचे ते अमके कोण? आमचे मामेसासरे. मग तं तुमी घरचेच! अकोल्याच्या त्या आवाजाच्या मालकाचा एक पुतण्या होता. नऊ वर्षांनी माझी बहीण त्या घरात दिली. बाबूजी शेवटपर्यंत म्हणत, "लोकं पंचबोलले आवाज देतात तं आवाज वापस येते. म्या देला तं जवाई आला."

फोटो धुऊन आले. बारा. दहा फोटोंत पांढऱ्या पडद्यासमोर पाच माणसं ओळीनं उभी आहेत. खाली बाबूजींच्या सुवाच्य अक्षरात 'देवी पॉइंट', 'भीमकुंड', 'गाविलगड (दूरचे दृश्य)'. अल्बम बघणाऱ्या पाहुण्यांना वाटायचं, ही मंडळी एकाच फोटो स्टुडिओत दहा वेळा गेली. अकरावा फोटो रबडीचा. गवळ्याच्या भट्टीवर कढई, बाजूला द्रोण, आणि त्यात माझं नाक. बारा फोटोंत स्पष्ट आलेलं तेवढंच. बारावा शेजाऱ्यांच्या बोटाचा, तो रोलमध्ये आधीचाच होता.

परत आल्यावर फाटकावरच्या म्हातारीनं विचारलं, "आले का? काय पाह्यलं?" माय म्हणाली, "काई दिसलं नाई, पन मजा आली."

दुसरी सहल मुंबईची. समुद्र प्रत्यक्ष दाखवायचा, असं बाबूजींनी भावाला चिखलदऱ्यालाच कबूल केलं होतं. बडनेऱ्याला गाडीत बसलो. अकोला गेलं, शेगाव आलं. शेगावला गजानन महाराज १८७८ मध्ये प्रकटले, आणि त्यानंतर पाऊण शतकानं तिथल्या स्टेशनची कचोरी. कोणतंही वऱ्हाडी घर खिडकीतून महाराजांना हात जोडतं आणि त्याच हातानं खिशातले सुटे पैसे चाचपतं. बाबूजी उतरले. कचोरीभोवती गर्दी होती. आम्ही खिडकीतून बघत होतो. बाबूजींच्या हातात पुडा आला, त्यांनी पैसे दिले, वळले, आणि मग काय वाटलं कोण जाणे, मिरच्या मागायला परत गेले. तळलेल्या मिरच्यांशिवाय कचोरी त्यांच्या तत्त्वात बसत नसे. गाडी हलली. बाबूजी धावले, पण पुडा उचलून धावणाऱ्या माणसाला वेग येत नाही.

थोड्या वेळानं टीसी आला.

"तिकिटं?"

"त्याइच्या खिशात हायेत," माय म्हणाली.

"ते कुठं आहेत?"

"शेगावले."

"तिथं काय करतायत?"

मायनं क्षणभर विचार केला. ती कधी खोटं बोलली नाही. म्हणाली, "आता तं कचोरी खाऊन रायले असतीन."

टीसी भला माणूस. त्यानं आम्हाला भुसावळला उतरवून घेतलं, स्टेशनवर निरोप ठेवला आणि चहा पाजला. तिथं आम्ही पाच तास होतो. भुसावळ जंक्शनवर पाच तासांत काय दिसतं ते विचारू नका. सगळा देश दिसतो. अलाहाबादला निघालेली वऱ्हाडं, सुरतेहून आलेले कामगार, फौजी, केळ्यांचे घड आणि फलाटावरच पोळ्या लाटणारं एक मारवाडी कुटुंब. त्यांनी आम्हाला जेवू घातलं. रात्री पुढच्या गाडीनं बाबूजी आले. हातात पुडा होता. पुड्यात मिरच्या होत्या. फक्त मिरच्या. माय त्यांच्याशी ठाण्यापर्यंत बोलली नाही.

मुंबईला समुद्र पाहिला. मोठा होता. त्यापलीकडे मला त्याचं काही आठवत नाही. भुसावळचा फलाट मात्र मी आजही डोळे मिटून झाडून काढू शकतो.

मग शकुंतला रेल्वे. मायचं माहेर अंजनगावाकडचं. मूर्तिजापूरला उतरून अचलपूरच्या छोट्या गाडीत बसायचं. यवतमाळपासून अचलपूरपर्यंत १९० किलोमीटरचा हा नॅरोगेज रूळ इंग्रजांच्या काळात किलिक-निक्सन कंपनीनं कापसासाठी टाकला. स्वातंत्र्य आलं, रेल्वे सरकारी झाली, पण हा तुकडा कंपनीचाच राहिला. वाफेचं इंजिन मँचेस्टरचं, १९२१ सालचं, आणि ते १९९४ पर्यंत धावलं. धावलं हा शब्द इथं आदरानं वापरला आहे. मूर्तिजापूर ते अचलपूर ७६ किलोमीटर, आणि तेवढ्यात शेजारच्या बाईचं सगळं सासर तोंडपाठ व्हायचं. एकदा मध्येच गाडी थांबली. वाकून बघतो तर गाडीवरचाच माणूस खाली उतरून रस्त्याचं फाटक लावत होता. फाटक लावलं, गाडी पलीकडे नेली, परत येऊन फाटक उघडलं, चढला. रस्त्यावर ना बैल, ना माणूस. राजापेठेत माणसं गाडीसाठी थांबतात, इथं गाडी माणसांसाठी थांबते, हे बघून माझा सगळा फाटकद्वेष त्या दिवशी गळून पडला. आता ही गाडी बंद आहे. ब्रॉडगेजच्या गोष्टी बरीच वर्षं ऐकतो आहे.

बहिरमचं थोडक्यात सांगतो, कारण तिथल्या आठवणी बायकोसमोर सांगण्यासारख्या नाहीत. परतवाडा-बैतूल रस्त्यावर २० डिसेंबरपासून महिनाभराहून जास्त चालणारी ही यात्रा. देवाचं दर्शन पाच मिनिटांत होतं. मग राहुटीत मातीच्या हंडीतलं मटण, गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे आणि नखात जाणारी थंडी. आमच्यात जे घरी शाकाहारी आहेत, ते सगळे मला तिथं भेटले. कोणी कोणाला ओळख दिली नाही.

आता काळ बदलला. जून २०२२ मध्ये आमच्या इथल्या लोणी ते अकोल्याकडच्या माना या पट्ट्यात ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकला आणि गिनीज बुकात नाव गेलं. वऱ्हाडात एवढ्या घाईनं झालेलं हे बहुधा पहिलंच काम. बहिणीकडे अकोल्याला जाताना आता डोळा लागतो न लागतो तोच अकोला येतं. १६ एप्रिल २०२५ ला बेलोऱ्याचं विमानतळ सुरू झालं. मुलानं हौसेनं मुंबईचं तिकीट काढून दिलं. दोन तासांच्या आत मुंबई. खिडकीतून खाली पाहिलं. पांढरं होतं. मी शेजारच्या गृहस्थांना म्हटलं, "चिखलदऱ्याची आठवण आली." त्यांनी कानातलं यंत्र काढलं, "सॉरी?" म्हणाले, आणि मी काही बोलायच्या आत परत घातलं. मामेसासरे निघाले असते का कोण जाणे.

घरात आता खरी फिरस्ती माय आहे. ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरीपुढच्यांना एसटी फुकट झाली, तेव्हापासून तिला घरात दम निघत नाही. आज शेगाव, उद्या मोझरी, परवा कोणाच्या तरी बारशाला दर्यापूर. मार्च २०२३ पासून बायकोला अर्धं तिकीट. पासष्टीला चार वर्षं बाकी असलेला मी पूर्ण तिकीट काढतो. तिघांच्या प्रवासात कंडक्टर माझ्याकडे जरा दयेनं बघतो.

शनिवारी रात्री मी मायला माझा सिद्धान्त ऐकवला. म्हटलं, "माय, मले समजलं. जिथं आपन अडकलो, तेच ठिकान ध्यानात रायलं. धुक्यात अडकलो, भुसावळले अडकलो, फाटकावर अडकलो. जिथं सरळ गेलो ते सपाट इसरलो." मला वाटलं, डोळे भरून येतील. ती म्हणाली, "अडकलो म्हून मजा नाई आली बाप्पा. डबा भरलेला होता म्हून आली. उपाशी अडकून पाय एकडाव." सिद्धान्तात एवढी दुरुस्ती मी मुकाट्यानं करून घेतली.

रविवारी उभा राहिलो आणि म्हटलं, "माझं आवडतं पर्यटनस्थळ, राजापेठचं रेल्वे फाटक." कोणी हसलं नाही. काश्मीरवाले म्हणाले, "खरं सांगायचं तर, माझी मुलगी बघायला आलेले पाहुणे त्या फाटकावर पाऊण तास अडकले. तेवढ्यात आमचे पोहे गार झाले, पण माहिती सगळी बाहेरच्या बाहेर काढून झाली." दुबईवाल्यांनी बारावीच्या पेपराला उशीर झाल्याचं सांगितलं. माझी दहा मिनिटं संपून तास झाला. शेवटी स्वित्झर्लंडवाले साहेब उठले. घसा खाकरून म्हणाले, "तिथं आठ दिवस होतो. गाडी एकदाही लेट झाली नाही. कोणाशी बोलायलाच मिळालं नाही हो."

चहा गार झाला. तोच गरम करून प्यालो आणि एकमतानं ठराव झाला : मंडळाची सहल येत्या जुलैत, चिखलदऱ्याला.

ज्यांना यायचं असेल त्यांनी सकाळी सहाला राजापेठ स्टँडवर हजर राहावं. मागच्या दाराची कडी घरूनच बघून यावी, आता फाटक नाही, परत जायला वेळ मिळणार नाही. कॅमेरा आणू नये, दिसत काही नाही. डबा मोठा आणावा. लिंबू कंडक्टरच्या भरवशावर ठेवू नये. पंचबोलला आवाज देणाऱ्यांनी घरातल्या लग्नाच्या मुलामुलींची माहिती सोबत ठेवावी. रबडीचे पैसे ज्याचे त्यानं द्यावेत.